अण्णांनी झाडलेलं टर्फ

प्लॅस्टिकच्या गवताची काडी उपटून हुंगणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. आमचे शेजारी रंगनाथ अण्णा हुंगतात. डोळे मिटून, छाती भरून. मग काडी बोटांत फिरवत विचारतात, "मूळ कुठं हाय ह्याला?"

हा प्रश्न ते कुणालाही विचारतात. माझ्या बायकोने खिडकीत प्लॅस्टिकची वेल लावली, तेव्हा तिला विचारला. एका लग्नात स्टेजच्या कमानीतलं फूल ओढून वरबापाला विचारला, तेव्हा अर्धी कमान वरबापाच्या फेट्यावर आली.

आमचं गाव सुप्याजवळ. गावाला एक मैदान होतं आणि मैदानाला अण्णा होते. त्यांना तिथे कुणी नेमलं नव्हतं. तळ्यातली माती आणायची, चाळून पसरायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, मग उकिडवं बसून खडे वेचायचे. कबड्डी खेळताना कुणाच्या गुडघ्याला खडा लागला, तर लागलेल्यापेक्षा अण्णांचाच चेहरा जास्त वाकडा व्हायचा. बायकोच्या दहाव्याच्या दिवशीसुद्धा पाहुणे गेल्यावर ते मैदानात खडे वेचत होते. लोकांनी नावं ठेवली.

मग पप्पूने ती जागा पंचायतीकडून भाड्याने घेतली आणि प्लॅस्टिकच्या गवताचं टर्फ टाकलं. हा पप्पू अण्णांच्याच हाताखाली कबड्डी शिकलेला. भोवती जाळी, वर दिवे, तासाप्रमाणे बुकिंग. शिफ्ट सुटली की एमआयडीसीतली पोरं बूट घालून क्रिकेटला हजर. आता आमच्याकडे जाल तिथे असा एखादा तुकडा दिसतो. आजूबाजूला सगळं रान करपलेलं आणि मध्येच हे बारमाही हिरवं. मला ते बघवत नाही, पण मला विचारतंय कोण?

"कुनी काढलं रं हे?" अण्णांनी एकदा मला विचारलं. मी मोबाईलवर वाचलेलं सांगितलं. अमेरिकेत एका मैदानावर छप्पर होतं, आत ऊन पुरेना, गवत मेलं. म्हणून हे अंथरलं, आणि मग जगभर पसरलं.

एप्रिल महिना होता. अण्णांनी वर आभाळाकडे बघितलं, कपाळाचा घाम निपटला आणि म्हणाले, "आपल्याकडं ऊन कमी पडलं व्हय?"

तरी ते पप्पूकडे गेलेच. पगार नको, झाडलोट करतो, फक्त आत येऊ दे, म्हणाले. बायको गेलेली, मुलगा पुण्याला. संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला मिळाला, तरच त्यांचा दिवस ढकलला जायचा. पप्पूने आनंदाने किल्ली दिली.

आणि तिथेच घात झाला. अण्णांना गवताच्या बुडाशी काळे काळे कण दिसले. सगळा जन्म खडे वेचण्यात गेलेला माणूस तो, त्याला चैन कसं पडावं? पप्पू लग्नाला परगावी गेल्याचं साधून त्यांनी खराटा उचलला. अख्खं टर्फ कोपऱ्याकोपऱ्यातून झाडलं आणि पोती भरून फाटकाशी रांगेत लावली. पप्पू परतला तेव्हा अण्णा घामाने निथळत उभे होते.

"बघ किती घान निघाली. कंपनीवाल्यानं फसिवलं तुला. आता लोळलं तरी टोचनार न्हाई कुनाला."

ते कण रबराचे होते. गवत उभं राहावं, पडलं तर लागू नये, म्हणून मुद्दाम भरलेले. पप्पू पोती ओलांडून आत धावला. गवत तेल लावून चापून बसवलेल्या केसांसारखं आडवं झालं होतं. ते नीट बघेपर्यंत खेळायला आलेला पहिलाच गडी त्यावर घसरला आणि मनगट मोडून घेऊन गेला.

पप्पूने आवाज चढवला नाही. "अण्णा, तुमच्या पाया पडतो, पण उद्यापासून आत येऊ नका."

अण्णांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "त्या पोराला लई लागलं का रं?" एवढंच विचारलं.

मी पप्पूकडे रदबदली केली. उपयोग झाला नाही. त्याचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही, हाच खरा वैताग आहे. ते मातीचं मैदान आता परत येणार नाही. टर्फच्या खाली त्याच्यावर खडी दाबून बसवली आहे.

परवा संध्याकाळी अण्णांच्या अंगणात डोकावलो. पाण्याने काठोकाठ भरलेली बादली, त्यात तांब्या, आणि ओट्यावर अण्णा रस्त्याकडे तोंड करून बसलेले.

"कोण यायचंय, अण्णा?"

"कोन येतंय आता." बादलीकडे बघत म्हणाले, "पयले खेळ सुटला की समदी पोरं हितंच यायची. मातीनं माखल्याली. आई मारंल म्हनून घरी जायला भ्यायची. मी पाय धुवून धाडायचो. सवयीनं भरून ठिवतो बादली. आता पोरांचं पाय मळतच न्हाईत."

त्या पोरांत मीही होतो. मी चपला काढल्या आणि पाय पुढे केले. माझे पाय स्वच्छ होते, ते अण्णांना दिसत होतं. तरी ते उठले, तांब्या बुडवला आणि हळूहळू पाणी ओतायला लागले.

"टाचा घास नीट," ते म्हणाले. "आई मारंल."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. मी खाली वाकून टाचा घासल्या.