गजाननकाकांचा मुका पियानो

गजाननकाकांच्या लॅपटॉपला आंघोळ केल्याशिवाय हात लावता येत नाही. तो सोवळ्यात असतो. देव्हाऱ्याशेजारी, पाटावर, चार्जरसकट. इकडे उत्तरेत, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत काका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात; बोलताना मराठीत हिंदी मिसळतात. रेल्वेत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी लोकांची लग्नं जमवणं, यात त्यांची हयात गेली.

मी बँकेत आहे, म्हणजे मला कम्प्युटर कळतो, अशी काकांची समजूत आहे. माझ्या बायकोने ती केव्हाच सोडली.

मंगळवारी सकाळी गॅलरीतून हाक आली, "बाळ्या, नहाना हुआ क्या?"

मी बावन्न वर्षांचा आहे. "झालं, काका."

"मग ये. पियानो मुका आहे."

पुण्याच्या भाच्याने जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घालून दिलं होतं आणि त्यात पियानोचा प्रोग्राम. बटण दाबलं की पडद्यावरची पट्टी दबायची. आवाज मात्र शून्य. शुक्रवारी काकांकडे बायकांचं भजन होतं. तोवर आवाज निघालाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

"तुम्हाला वाजवता येतं, काका?"

"नाही."

"मग वाजवणार कोण?"

"आधी गोंधळ पुरता होऊ दे, मग प्रश्न विचार." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. "देख, या पियानोला स्वतःचा आवाज नाही. आवाज त्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये. मतलब, हा मुलगा, ती मुलगी. जुळवून द्यायचं."

त्यांनी तिसरीच खिडकी उघडली. डावीकडे नावं, उजवीकडे नावं, मध्ये रेघ. मी समजल्यासारखी मान हलवली. बँकेतही हेच करतो.

"बंद करून चालू करू या?" माझी सगळी विद्या मी पणाला लावली.

"चार वेळा केलं."

मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "ही रेघ मुलीपर्यंत पोचतच नाहीये. मधल्याच कुणाकडे थांबलीय."

"तो मध्यस्थ. मुलाने थेट जाऊन मुलीशी बोलायचं? बरं दिसतं का ते?"

"पण मध्यस्थ पुढे काही सांगतच नाहीये, काका!"

काकांनी चष्मा पुसला. "असतात असे," ते म्हणाले. मध्यस्थाला काढून त्यांनी मुलाकडून थेट मुलीकडे रेघ ओढली आणि बटण दाबलं. असा खणखणीत सूर निघाला की मी दचकून मागे सरकलो. काय सुधारलं ते मला अजून कळलेलं नाही.

काकांनी लॅपटॉप उचलला आणि आतल्या खोलीत काकूंच्या पलंगावर नेऊन ठेवला. भजनाची पेटी वर्षानुवर्षं काकूच वाजवायच्या. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा डावा हात गेला. तेव्हापासून बायका भजनाला जमल्या की त्या आपलं दार लावून घेत.

काकूंनी तोंड फिरवलं. "मला कशाला दाखवता? भाता कोण मारणार?"

"बघ तरी."

काकूंनी उजव्या हाताने लॅपटॉप मागून-पुढून चाचपला. "अहो, याला भाता कुठेय?"

"नाहीच. एका हाताची पेटी शोधत होतो. ही मिळाली."

काकूंनी एक बटण दाबलं. मग शेजारचं. मग बराच वेळ तिसरं शोधत राहिल्या.

"शुक्रवारी दार उघडं ठेवशील?" काकांनी माझ्याकडे बघत त्यांना विचारलं.

"ते राहू द्या," काकू म्हणाल्या. "यात माझी भजनाची पट्टी, पांढरी चार, कुठली, तेवढं आधी सांगा."