सत्तावीस नंबरचा टेम्पो

सामान चढवून झालं तशी आईने दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली. मागे उघड्या हौद्यात तिचं कपाट, कॉट, चार खुर्च्या, शिवणयंत्र आणि गाद्यांची वळकटी होती. लेकीशी ठरलं होतं ते असं : आईने सामानासकट टेकडीवरच्या घरी यायचं आणि संध्याकाळपर्यंत राहून बघायचं. पटलं तर कायमचं, नाही पटलं तर त्याच टेम्पोने परत. अट आईची होती. लेकीने ती हसत मान्य केली, कारण आपल्यापायी चार माणसांना पुन्हा जिने उतरायला लावणं आईच्या स्वभावात बसत नाही, हे तिला ठाऊक होतं. एकदा कपाट वर चढलं की आई राहिलीच, असा तिचा हिशेब होता.

वडील गेल्याला वर्ष होत आलं होतं. लेक रोज सकाळी फोन करायची, "जेवलीस का?" म्हणून विचारायची, आणि आई रोज सांगायची, "अगं, सकाळचे आठ वाजलेत."

टेम्पोवाला शहरात नवा होता. शहर मोठं म्हणावं तर लहान होतं आणि लहान म्हणावं तर या टोकाच्या माणसाला त्या टोकाला जायचं झालं तर डबा बांधून घ्यावा लागे. पूर्वीच्या पाच वेगवेगळ्या वस्त्या नगरपालिकेने एकत्र करून त्याचं शहर केलं होतं. वस्त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. टेम्पोवाल्याने फोनवरचा नकाशा लावला, रिंग रोडच्या तोंडाशी आला आणि तिथल्या पाटीसमोर थांबला. मालाच्या गाड्यांना दुपारपर्यंत बंदी होती.

"आता आतून जावं लागेल, मावशी. तुम्हाला रस्ता माहीत आहे का?"

"सत्तावीस नंबरचा रस्ता मला झोपेत विचारा."

सत्तावीस नंबरची बस तिच्या नवऱ्याने नोकरीभर चालवली होती. ती आईच्या घराजवळून, नदीकाठावरून निघायची, वाटेतल्या एकूण एक वस्तीत डोकावायची आणि टेकडीच्या पायथ्याशी वळायची. रिंग रोड झाला आणि ती बंद पडली. सुटीच्या दिवशी आई त्याच्या मागच्या सीटवर जाऊन बसायची. शहर तिने पाहिलं ते एवढंच, नवऱ्याच्या खांद्यावरून.

"डावीकडे घ्या. आता थांबा."

"इथे काय आहे?"

"बसस्टॉप."

"मावशी, आपण बस नाही."

"ते मला दिसतंय. पण न थांबता गेलं की मला पुढचं आठवत नाही."

टेम्पोवाल्याला ही थट्टा वाटली. त्याने एक स्टॉप न थांबता मागे टाकला. पुढच्या चौकात आईने चारी रस्त्यांकडे पाहिलं, डोळे मिटले, ओठ हलवले आणि शेवटी म्हणाली, "मागे घ्या. पहिल्यापासून म्हणावं लागेल." टेम्पो पुन्हा नदीकाठापर्यंत गेला. त्यानंतर तो प्रत्येक स्टॉपवर थांबला, आणि आईच्या आग्रहाखातर थोडा जास्तच थांबला, कारण नवरा म्हातारी माणसं चढेपर्यंत गाडी हलवत नसे.

बाजाराच्या स्टॉपवर एक भांडीवाली पातेल्यांची उतरंड घेऊन रिक्षाची वाट बघत होती. बाजारातल्या लोकांच्या मते शहर म्हणजे बाजार. बाकीचं सगळं बाजाराला गिऱ्हाईक मिळावं म्हणून वसवलेलं आहे. टेम्पो समोर येऊन थांबला तशी तिने खिडकीत डोकावून पाहिलं.

"वहिनी, तुम्ही? सत्तावीस नंबर परत सुरू झाली की काय?"

"नाही गं. लेकीकडे चाललेय."

"सामान घेऊन?"

"सामान घेऊन."

"मग मला गिरणीपर्यंत सोडा," भांडीवाली म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पातेल्यांसह मागे चढून एका खुर्चीवर बसली. टेम्पोवाल्याने गाडी सुरू केली. थांबल्यावर कुणीतरी चढणार, हे त्यालाही एव्हाना रास्त वाटू लागलं होतं.

गिरणीच्या वस्तीत आता गिरणी नव्हती, पण लोक अजून पाळीच्या वेळेला जेवत. तिथे भांडीवालीने उतरायचं होतं. पण स्टॉपवर जुने मुकादम उभे होते. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. ते सरळ चढले, दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि मग विचारलं, "ही गाडी जाते कुठे?"

"वहिनी लेकीकडे राहायला चालल्यात. कायमच्या," भांडीवालीने सांगितलं.

मुकादमांनी मागच्या काचेवर टकटक केली. "वहिनी, कायमच्या म्हणजे? घर बघितलंय कुणी?"

"लेकीचंच आहे हो."

"लेकीचं असू दे नाहीतर राजाचं असू दे. आपल्यापैकी कुणी बघितलंय का? लग्नात मुलगी देतानासुद्धा माणूस नळाला पाणी किती येतं ते बघून येतो."

"मुकादमांचं बरोबर आहे," भांडीवाली म्हणाली. "मी पण येते. भांडी काय, उद्या विकेन. ती काही नासत नाहीत."

"आणि तुमचे डोळे, मुकादम?" आईने विचारलं.

"घर बघण्यापुरते आहेत."

इतक्यात लेकीचा फोन आला. "आई, कुठे आहेस?"

"कॉलेजला आलोय."

"कॉलेजला कशाला?"

"मॅडम चढतायत. थांब हं, त्यांना हात द्यावा लागतोय." आणि फोन बंद झाला.

मॅडम म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्राध्यापकीणबाई. कॉलेजच्या भागातली माणसं पत्ता सांगताना झाडं सांगत आणि शहराच्या इतर भागांविषयी वर्तमानपत्रांत पत्रं लिहीत. सत्तावीस नंबर बंद करू नये म्हणून बाईंनीही बरीच लिहिली होती. आता त्या वाचनालयाची पुस्तकं परत करायला निघाल्या होत्या. वळकटीवर टेकून त्यांनी सगळा विषय समजावून घेतला आणि पुस्तकं मांडीवर ठेवून म्हणाल्या, "वयस्कर माणसाचं स्थलांतर हा गंभीर प्रश्न आहे. मी येते."

टेम्पो निघाला तो आता भरपूर आवाज करत. पातेली वाजत होती आणि त्यांच्या वर माणसं.

"मुळात हे शहर कॉलेजपासून सुरू झालं," बाई म्हणाल्या.

"कॉलेजच्या विटा आमच्या गिरणीच्या गाडीतून आल्या," मुकादम म्हणाले. "आमच्या आजोबांनी उतरवल्या."

"उतरवल्या, पण रचल्या कुणी?"

"तुम्ही तर नाही ना रचल्या?"

"दोघं गप्प बसा," भांडीवाली म्हणाली. "इतकी वर्षं जेवलात कशात? बाजारातल्या ताटात. मोठे आले शहरवाले."

टेकडीच्या अलीकडे वाहतूक पोलिसाने हात केला. त्याने मागे एक चक्कर मारली, खुर्च्यांवर बसलेली माणसं पाहिली आणि खिडकीशी आला. "मालाच्या गाडीत माणसं नेता येत नाहीत. कोण आहेत हे?"

टेम्पोवाला गाडीचे कागद शोधू लागला. आई म्हणाली, "घरचेच आहेत."

पोलीस पुन्हा मागे गेला. मुकादम बाईंना म्हणत होते, "तुमच्याकडचं पाणी कुणाच्या टाकीतून येतं ते आधी बघा." बाई म्हणत होत्या, "मी तुमच्याशी बोलतच नाहीये." भांडीवाली म्हणत होती, "आता जर कुणी बोललं तर मी उतरून जाईन," आणि उतरत नव्हती.

पोलीस थोडा वेळ ऐकत राहिला. मग पुढे येऊन म्हणाला, "घरचेच दिसतायत. न्या."

लेक खाली येऊन उभीच होती. टेकडीवर सगळ्या इमारती नव्या होत्या आणि इतक्या सारख्या की पाहुणा आला की कुणालातरी खाली उतरावं लागे. तिने टेम्पो पाहिला, आईला पाहिलं, मग एकामागून एक उतरणारी माणसं पाहिली. आईने ओळखी करून दिल्या. "हे मुकादम, ह्या मॅडम, ही बाजारातली. तुझं घर बघायला आलेत."

"माझं? का?"

"मला इथे द्यायचं की नाही ते ठरवायला."

कपाट लिफ्टमध्ये मावलं नाही. जावई, टेम्पोवाला आणि सूचना देणारे मुकादम यांनी ते जिन्याने वर नेलं. दारातून ते आत जाईना, म्हणून लेकीचा नवा सोफा, टीव्हीखालचं टेबल आणि चपलांची मांडणी बाहेर जिन्यापाशी काढून ठेवली. मग कपाट आडवं केलं, तिरकं केलं, पुन्हा उभं केलं आणि कसंबसं आतल्या खोलीत गेलं. पाठोपाठ कॉट गेली; खुर्च्या, शिवणयंत्र आणि वळकटी तेवढी जिन्यापाशी सोफ्याशेजारी ठेवली. जावयाने तिचे स्क्रू स्वतः आवळले.

मंडळींनी घर पाहिलं. मुकादमांनी नळ सोडून पाहिला. भांडीवालीने स्वयंपाकघरातलं प्रत्येक पातेलं बुडाशी वाजवून पाहिलं आणि जावयाकडे दयेने बघितलं. बाईंना पुस्तकांचं कपाट आवडलं, पण त्यात पुस्तकांपेक्षा कुंड्या जास्त होत्या.

आई खोलीच्या खिडकीत उभी होती. समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी होती, आणि तिला पडदा.

"बस कुठून जाते गं?"

"इथून नाही जात. शांत आहे ना, म्हणून तर इथे घेतलं."

"शेजारी कोण आहे?"

"आहे कुणीतरी. चांगले आहेत. आवाज नसतो त्यांचा."

आई खिडकीपासून वळली. तिने लेकीच्या गालावरचा केस मागे केला. "हे गेल्यापासून तू एकदाही रडली नाहीस."

"आई, मी तुझ्याबद्दल बोलतेय. तिथे तू एकटी असतेस."

"मी? आज किती जण चढले बघितलंस ना? मी एकटी नाही गं. एकटी तू आहेस."

लेकीने खिडकीचा पडदा नीट केला. तो नीटच होता.

"राहा ना," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण आत्तापर्यंत समजावण्याच्या स्वरात ती जे बोलत आली होती, त्यातलं काहीच या दोन शब्दांत नव्हतं.

आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "येत जाईन," ती म्हणाली. "पण राहायचं म्हणशील तर मला घराखाली माणसं लागतात." आणि बाहेर जाऊन तिने सांगितलं, "सामान परत घ्यायचंय. सगळ्यांना फार त्रास दिला."

त्रास कुणालाच वाटला नाही. कुणालाही पटलं नाही असं स्थळ मोडलं की वऱ्हाडाला जी टवटवी येते, ती सगळ्यांना आली. मुकादमांनी सूत्रं हातात घेतली. कपाट मात्र दारातून निघेना. आडवं केलं, तिरकं केलं. "हे आत गेलंच कसं?" मुकादम विचारू लागले, जणू ते तिथे नव्हतेच. कॉटचे स्क्रू जावयाने असे आवळले होते की त्याचे त्यालाच सुटेनात. शेवटी आई म्हणाली, "राहू दे. बाकीचं घ्या."

बाकीचं म्हणजे कोणतं, हे कुणी विचारलं नाही. लेक आतल्या खोलीत तोंड धूत होती, जरा जास्त वेळ. जावई स्क्रूशी झगडत होता. आणि जिन्यापाशी सामान काढून ठेवलेलं होतंच. टेम्पो उतारावरून खाली गेला तेव्हा मागे बाई आणि मुकादम एकाच सोफ्यावर दोन टोकांना बसले होते.

संध्याकाळी लेकीने फोन केला.

"आई, आमचा सोफा तुझ्याकडे आलाय."

"हो का? मी म्हटलं, माझ्या खुर्च्या इतक्या मऊ कशा झाल्या."

"पाठव ना परत."

"मुकादम झोपलेत त्याच्यावर. मॅडम म्हणतायत उठवू नका, बोलायला लागतील." मागे पातेली वाजल्याचा आवाज आला. "आणि हो, माझी कॉट तिकडे राहिली. मी झोपू कशावर?"

"मग झोपायला इकडे ये."

"येते की. तुम्हाला तिथे बसायला काही आहे का?"

लेकीने रिकाम्या खोलीकडे पाहिलं. नवरा टीव्ही मांडीवर घेऊन जमिनीवर बसला होता. "नाही."

"मग बसायला इकडे या."

 मग लेक हसायला लागली, आणि हसता हसता तिचं नाक वाहू लागलं. ते थांबेपर्यंत आईने फोन ठेवला नाही.

"काय ठरलं?" नवऱ्याने विचारलं.

"संध्याकाळी आपण तिच्याकडे बसायचं. रात्री तिला झोपायला इकडे आणायचं. सकाळी पुन्हा सोडायचं."

"रोज?"

"रोज."

"आणि माझं काय? मी दमून येतो, मला नाही जमायचं. मी इथेच थांबेन."

"थांब की," लेक ओढणी घेत म्हणाली. "तुझे बूट कुठे आहेत?"

नवऱ्याने दाराकडे पाहिलं. चपलांची मांडणी जिथे असायची तिथे भिंतीवर तिचा एक फिकट चौकोन तेवढा उरला होता. त्याने टीव्ही बाजूला ठेवला आणि अनवाणीच उठला.