दर लिटरला दोन टोपणं

शिवानंदने मोटारसायकलला औषध पाजायला सुरुवात केली, तेव्हापासून गुंद गावातल्या त्याच्या घरात माणसांच्या दुखण्याला काही किंमतच उरली नाही. बायकोची, रुक्मिणीची, पाठ आठ दिवस धरली होती, तिला मिळाला खोबरेल तेलाचा एक हात. लेकीचा, नेत्राचा, घसा बसला, तिला मिठाच्या गुळण्या. आणि मोटारसायकल चढावर दोनदा खोकली, तर तिच्यासाठी खास रामनगरहून निळी बाटली!

ती बाटली दिली होती किरणने. किरणचं रामनगरला स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि जीभ अशी की त्याने रिकामी बाटलीसुद्धा भरलेली म्हणून विकली असती.

"शिवानंदण्णा, कुणाला सांगू नका, पण तुमची गाडी पिते," तो काउंटरवरून वाकून हळूच म्हणाला होता.

"काय पिते?"

"दारू. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतंय. इथेनॉल म्हंजे काय? उसाची दारू! पाच लिटर भरलासा की एक लिटर निव्वळ दारू पाजलासा."

शिवानंदला घाम फुटला. त्याने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. स्वतःच्या वरातीतसुद्धा तो कोकमाचं सरबत पिऊन नाचला होता. आणि आता त्याच्याच पडवीत, त्याच्याच हाताने, एक बेवडी पोसली जात होती!

"मग आता रे?"

"ह्ये औषध. दर लिटरला दोन टोपणं. दारूचा असर मारतंय. इंजिन साफ, ओढ वाढती, मायलेज वाढतंय."

"आणि खोकला?"

"खोकला तर पयला जातो."

खोकला गेला नाही. शिवानंद रोज सकाळी टोपण डोळ्यांसमोर धरून, श्वास रोखून, तान्ह्या बाळाला गुटी द्यावी तसं औषध टाकीत सोडायचा. मग गाडी चालू करून टाकीला कान लावायचा.

"आवाजात फरक पडलाय बघ."

"पडलाय की," रुक्मिणी सुपातलं तांदूळ निवडत म्हणायची. "आदी नुसती खोकत हुती. आता कण्हतीया बी."

दोनाची तीन टोपणं झाली, तिनाची चार झाली. त्या औषधाची खुबीच अशी होती की गाडी पळाली तर तो औषधाचा गुण, आणि नाही पळाली तर जुनी दारू बाहेर पडतेय! असं औषध हरणार कसं? किरण कधी गरीब होणार नाही, हे नेत्राला तेव्हाच कळून चुकलं.

पण नेत्राचं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीसुद्धा स्वतःच्या चपलांना द्यायची. यंदा नववीत काय झालं कोण जाणे, आवाजच फुटला. शाळेच्या मैदानावर बोलली की पलीकडच्या शेतातली माकडं पळायची. त्यामुळे जोयड्याच्या तालुका भाषण स्पर्धेसाठी कन्नडच्या सरांनी तिलाच निवडलं. विषय होता व्यसनमुक्ती, भाषा कन्नड आणि वेळ तीन मिनिटं. पहिला नंबर आला तर जिल्हा स्पर्धा, आणि जिल्हा म्हणजे कारवार, आणि कारवार म्हणजे समुद्र! नेत्राने जंगल पाहिलं होतं, काळी नदी पाहिली होती, सुप्याचं धरण दोनदा पाहिलं होतं. पण ज्या जिल्ह्याला एवढा मोठा समुद्र, त्याच जिल्ह्यात चौदा वर्षं काढून तिने तो फोटोतच पाहिला होता. आता तो आणि ती यांच्यामध्ये फक्त तीन मिनिटं उरली होती.

सरांनी भाषण लिहून दिलं होतं. त्यातले शब्द इतके जड की उच्चारताना दात सांभाळावे लागत. निम्मं पाठ झालं, आणि स्पर्धेच्या चार दिवस आधी, पडवीत भाताच्या पोत्यावर ठेवलेला तो कागदच गायब झाला.

"आई, चुलीत घातलीस व्हय?"

"माझ्या चुलीला कन्नड वाचाय येत न्हाई," रुक्मिणी म्हणाली. विषय संपला.

स्पर्धेच्या दिवशी नेत्रा साडेसातच्या बससाठी वेणी घालून तयार. शाळेला सुट्टी असल्यामुळे सरांची गाठ पडली नव्हती; ते जोयड्यालाच राहायचे, दुसरी प्रत त्यांच्याकडे होती. लवकर पोचलं की उरलेलं निम्मं घोकता आलं असतं. पण शिवानंद गाडी पुसून दारात उभा.

"बशीला कशाला जातीस? आज सहा टोपणं घातल्यात. बशीच्या आदी पोचवतो."

"अप्पा, मला आज पोचायचंय."

"म्हंजे? माझ्यावर इश्वास न्हाई?"

"तुमच्यावर हाय. हिच्यावर न्हाई."

"हिच्यादेखत असं बोलू नको!" शिवानंद दबक्या आवाजात ओरडला, आणि या वादात बस समोरून निघून गेली.

पहिला चढ गाडीने कण्हत काढला. दुसऱ्या चढावर तिने दोन खोकले दिले, मागून काळा धूर सोडला आणि भर रस्त्यात मान टाकली. शिवानंदने खिशातून बाटली काढली आणि उरलंसुरलं सगळं टाकीत ओतलं. गाडीने साधी उचकीसुद्धा दिली नाही.

"ढकल," तो म्हणाला.

तासभर दोघांनी ती बेवडी ढकलली. लाल मातीने शिवानंद गुडघ्यापर्यंत रंगला, धुळीने डोळे लाल झाले, एका पोटरीत गोळा आला. नाक्यावर गणपती मेस्त्रीच्या गॅरेजात पोचले तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

"इथेनॉलनं खाल्ली बघ माझी गाडी," शिवानंद बाकावर कोसळला. "औषध बी चालू हाय. रोजची सहा टोपणं."

गणपती मेस्त्रीने बाटली बाजूला सारली. त्याने गाडीच्या बगलेचं झाकण काढलं, एअर फिल्टरचा डबा उघडला आणि दोन पावलं मागे झाला. आतून एका उंदराने डोकं बाहेर काढलं. एवढ्या गाढ झोपेतून कुणी उठवलं, असं तोंड करून त्याने तिघांकडे पाहिलं आणि उडी मारून तो गटारीकडे निघून गेला.

डब्यात त्याचा सगळा संसार होता. भाताची फोलकटं, सुपारीच्या सोपटाचा भुगा, रुक्मिणीच्या जुन्या लुगड्याचे धागे, आणि सगळ्यांत वर, अगदी नवी कोरी, कागदाच्या चिंध्यांची गादी. नेत्राने एक चिंधी उचलली. तिच्यावर सरांच्या वळणदार अक्षरात एवढंच उरलं होतं, "मान्य तीर्पुगाररे." म्हणजे माननीय परीक्षकहो. बाकीचं व्यसन उंदराने खाल्लं होतं.

"श्वासच बंद झाल्ता गाडीचा," गणपती म्हणाला. "औषध बंद करा आणि मांजर पाळा."

"पण इथेनॉल..."

"इथेनॉलचं म्हणशीला तर जुन्या गाडीच्या रबरी नळ्या बघून बदलायच्या. पावसाळ्यात टाकी अर्धी ठिऊन म्हयनाभर उभी करायची न्हाई, पाणी धरतंय. मायलेज जरा कमी देणार, ते सोसायचं. बाटलीनं नळी नवी हुईत न्हाई. आणि उंदीर तर जाईतच न्हाई."

"मग ह्या बाटलीत असतंय तरी काय?"

गणपतीने बाटलीच्या तोंडाला नाक लावलं. "वास."

त्याने डबा झाडला, नवा फिल्टर घातला, आणि गाडी पहिल्याच किकला अशी गरजली की नेत्रा दचकली. शिवानंदने पेट्रोलने हात धुतले, ते शर्टाला पुसले आणि विजयाने मुलीकडे पाहिलं.

"बघितलंस? मगा ओतलेलं आता लागू पडलं."

गणपती मेस्त्रीने पाना खाली ठेवून कपाळाला हात लावला.

सभागृहात पोचले तेव्हा नेत्राच्या नावाचा शेवटचा पुकारा चालू होता. सरांना शोधायला वेळ नव्हता. ती धापा टाकत माइकसमोर उभी राहिली, "मान्य तीर्पुगाररे" म्हणाली, आणि पुढे डोक्यात नुसती भाताची फोलकटं! पाठ केलेलं निम्मंसुद्धा चढावर सांडलं होतं. पहिल्या रांगेत सर हळूहळू डोळे मिटत होते. समुद्र मागे सरकायला लागला.

तेवढ्यात तिला दारात अप्पा दिसले. आणि तिला आठवलं की आपल्या ओळखीचंही एक दारुडं आहे.

"आमच्या घरात एक दारुडं आहे," ती साध्यासुध्या रोजच्या कन्नडमध्ये म्हणाली. सरांनी खाडकन डोळे उघडले. "रोज सकाळी खोकतं. घशाखाली ओतल्याशिवाय जागचं हलत नाही. चढ आला की अंग टाकतं. माझ्या आईच्या पाठीला औषध नाही, पण त्याच्यासाठी रामनगरहून बाटली येते. दोन टोपणं दिली, चार दिली, सहा दिली. गुण नाही! आज सकाळी ते भर रस्त्यात आडवं झालं. मी त्याला तासभर ढकलत आणलं, म्हणून मला उशीर झाला."

समोर बसलेल्या महिला संघाच्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले. नेत्राला रंग चढला. ती हसली नाही, कारण खरी गंमत तिने शेवटासाठी राखून ठेवली होती.

"तरीही आम्ही त्याला टाकून दिलं नाही. कारण ते आमचं आहे. आणि ते दारुडं कोण, ठाऊक आहे? ते म्हणजे आमची..."

टण्ण! तीन मिनिटांची घंटा वाजली.

"...मोटारसायकल" हा शब्द टाळ्यांत कुठल्या कुठे गेला. आणि सगळ्या माना दाराकडे वळल्या. दारात, मातीने भरलेला, लाल डोळ्यांचा, एका पायावर झुलत, चौकटीला टेकून शिवानंद उभा होता आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होतं.

पहिला नंबर नेत्राचा आला.

"सर, ऐकून घ्या, ती आमची गाडी..." ती मुख्य परीक्षकांना सांगायला गेली.

"नको, बाळ," ते गहिवरून म्हणाले. "गाडी रुळावर येईल तुमची. कारवारला असंच बोल."

कारवार म्हटल्यावर नेत्राचं तोंड आपोआप मिटलं. खरं सांगायचा तिने एकदा प्रयत्न केला होता. समुद्र बघायचा असेल तर एवढा पुरे, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं.

शिवानंद लंगडत आला. "भाषण झ्याक झालं. गाडीचं अगदी हुबेहूब सांगितलंस! पण औषधाला गुण न्हाई म्हणून चारचौघांत कशाला सांगितलंस? किरणला कळलं तर त्याला काय वाटंल?"

"अप्पा, हळू बोला. आणि चला आता, घरी चला."

पण उशीर झाला होता. महिला संघाच्या पार्वतीअक्का तिथे येऊन पोचल्या होत्या. त्यांनी एकदा शिवानंदच्या शर्टाचा वास घेतला, नाकाला पदर लावला आणि त्याला खुर्चीत बसवलं.

"भाऊ, लाजू नका. सोडायची इच्छा हाय न्हवं?"

"इच्छा हाय ओ अक्का, पर सोडणार कशी? जाल तिथं तीच. दुसरं मिळतच न्हाई."

"अरे देवा. किती लागती?"

"आज जोयड्याला यायचं म्हटल्यावर जाऊन येऊन लिटरभर तरी लागणारच की."

भोवतीच्या बायकांनी तोंडाला हात लावले. नेत्राने प्रमाणपत्र तोंडापुढे धरलं.

"आणि सकाळी सकाळी बी?"

"सकाळी घातल्याबगर तर चालूच हुईत न्हाई!"

पार्वतीअक्कांनी डोळे पुसले, पिशवीत हात घातला आणि एक तपकिरी बाटली काढून त्याच्या हातात ठेवली. "ह्ये न्यावा. फुकट हाय. दारूचा असर मारतंय. लई जणांना गुण आलाय."

शिवानंदने बाटली उजेडाकडे धरली, हलवून पाहिली, टोपण उघडून वास घेतला. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अक्का, लिटरला किती टोपणं?"