मास्तरांचं पादहस्तासन

"योगासनांत अवघड असं आहे तरी काय?" आरशासमोर एका पायावर उभे राहत मास्तर बायकोला म्हणाले. "वृक्षासन म्हणजे झाड. झाडाला कधी कोणी क्लास लावलाय का?"

"झाड मोजे घालताना पलंगाला धरत नाही," बायको म्हणाली.

मास्तरांनी दुर्लक्ष केलं. मोठं काम हाती घेतलेल्या माणसाला असली वाक्यं ऐकू येत नसतात.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते दस्तऐवजांच्या कचेरीत नक्कल विभागात होते. कोणालाही, काहीही, न विचारता शिकवायचे म्हणून हे नाव पडलेलं. विभागप्रमुख महिनाअखेरीला निवृत्त होणार होते आणि ती खुर्ची आपलीच, याबद्दल मास्तरांना तीळभरही शंका नव्हती. त्यात मोठ्या बाईसाहेबांनी कर्मचाऱ्यांसाठी योगवर्ग ठरवला, ऐन वेळी योगशिक्षकाचाच पाय मुरगळला, आणि मास्तर पुढे सरसावले. "मी आहे ना!"

बाईसाहेब जातीने बघायला येणार होत्या. आता खुर्ची कुठे पळतेय!

एक गोष्ट मात्र मास्तर विसरले. नक्कल विभागाचा एकच नियम होता: समोर जे असेल ते जसंच्या तसं उतरवायचं. मूळ कागदात चूक असेल तर चूकसुद्धा! वर्षानुवर्षं हेच करून हा नियम तिथल्या अकरा जणांच्या हाडांत मुरला होता.

सकाळी टेबलं भिंतीला लावली. ताडासन झकास झालं. मग वृक्षासन. उजवा तळवा डाव्या मांडीला, हात जोडलेले, नजर समोर एका जागी. मास्तर डुगडुगले. अकरा जण डुगडुगले. मास्तरांनी कपाट धरलं. अकरा जणांनी जे हाताला लागेल ते धरलं. दोघांनी तर एकमेकांनाच धरलं.

"उत्तम!" मास्तर म्हणाले. "आता पादहस्तासन. श्वास घेत हात वर. श्वास सोडत कमरेतून खाली. गुडघे ताठ. बोटं पावलांना!"

आणि मास्तर दणक्यात वाकले.

कट्! वाळकी फांदी मोडावी तसा कमरेतून आवाज आला.

"आई गं!" मास्तर ओरडले.

"आई गं!" अकरा जण ओरडले.

"अहो, अडकलोय मी!"

"अहो, अडकलोय मी!"

"हे म्हणायचं नाहीये, गाढवांनो!"

"हे म्हणायचं नाहीये, गाढवांनो!" एवढ्या मनापासून मास्तरांना आजवर कोणी गाढव म्हटलं नव्हतं.

विभागात सर्वांत बारीक आणि सर्वांत तल्लख कारकून होती, तिला सगळे टाचणी म्हणत. मास्तरांनी हात हलवला. "टाचणी, इकडे ये!" अकरा हात हलले. टाचणीला एकदम अकरा हाका आल्या, त्यातली एक तिची स्वतःची होती.

शेवटी मास्तर तसेच वाकून, खेकड्यासारखे आडवे, दाराकडे निघाले. मागून अकरा खेकडे! दाराशी मास्तरांना चपला दिसल्या. चपलांत बाईसाहेब होत्या.

"वा! काय शिस्त आहे!" बाईसाहेब म्हणाल्या. "हे कोणतं आसन?"

मास्तर डगमगले नाहीत. डगमगायला कमरेची परवानगीच नव्हती.

"चालतं पादहस्तासन, बाईसाहेब. प्रगत प्रकार आहे."

"प्रगत प्रकार आहे," मागून दहा आवाज आले. दहाच! कारण टाचणी सरळ झाली होती. तिने बाईसाहेबांना बसायला दिलं, पाणी दिलं आणि हजेरीपट पुढे केला.

महिनाअखेरीला बाईसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "मास्तरांसारख्या माणसाला फायलींपुढे बसवून ठेवणं म्हणजे पाप आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी रोज सकाळी योगवर्गच घ्यावा. विभाग टाचणी सांभाळेल."

टाळ्या झाल्या. मास्तर हळूहळू पुढे आले आणि पार कमरेत वाकून त्यांनी टाचणीचं अभिनंदन केलं.

"एवढी खुर्ची हुकली, पण माणसाची नम्रता बघा!" मागे कोणीतरी गहिवरून म्हणालं.

मास्तर तसेच वाकलेले जागेवर परतले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नम्रता अजून निदान पंधरा दिवस राहील.