वझे सरांची पांढरी फुलं

वझे सर नमस्काराला नमस्कार करत नसत. "तोंड!" म्हणून ओरडत.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्या प्रयोगशाळेत शिरलो आणि म्हणालो, "नमस्कार सर, मी काळभोर, नवीन तंत्रसहायक."

"तोंड! तोंड मिटा आधी! उघड्या नळीवर बोलता? थुंकी उडते तुमची!"

मला राग आला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या वडिलांनी लोणी काळभोरात घरोघर पेढे वाटले होते. ते काय असं ऐकून घ्यायला? पण नोकरी नवीन होती. तोंड मिटलं.

कारण नंतर कळलं. सरांचं सगळं आयुष्य आरएनएवर गेलेलं. हा रेणू इतका नाजूक की आपल्या थुंकीत, घामात, बोटांवर जे असतं त्यानंही त्याचे तुकडे होतात. म्हणून सरांच्या खोलीत हातमोजे कायम. पंखा मे महिन्यातही बंद. दार कोपरानं ढकलायचं. हळूहळू सर घरीही तसंच करायला लागले असावेत, कारण सदाशिव पेठेतल्या त्यांच्या किराणावाल्यानं मला एकदा विचारलं, "अहो, तुमचे साहेब सुटे पैसे रुमालात घेतात. आमच्यात काही दोष आहे का?"

सरांचा खरा राग मात्र पाठ्यपुस्तकांवर. "जनुक म्हणजे साहेब आणि आरएनए म्हणजे त्याची चिठ्ठी नेणारा शिपाई, असं छापतात गाढव," ते म्हणत. "काळभोर, मला सांगा, साहेबानं चिठ्ठी लिहिली आणि ती वाटेतच कुणी फाडली, तर साहेबाचं काय चालतं?"

"काही नाही सर."

"मग खरा अधिकार कुणाचा? फाडणाऱ्याचा! आणि फाडणारा कोण? तोही आरएनएच. चिमुकला. इतका बारीक, की इतकी वर्षं लोक त्याला कचरा समजून नळीतून ओतून देत होते. ओतणारे मात्र सगळे प्राध्यापक झाले!"

हे सगळं ओरडून. सर हळू बोलत नसतच. रिक्षावाल्यावर, कॅन्टीनच्या चहावर, विजेच्या मंडळावर, सगळ्यांवर सारख्याच आवाजात. मी समजून चाललो होतो की माणूस पित्तप्रकृतीचा आहे. मग एकदा हरितगृहात पांढऱ्या पेटुनियाच्या कुंड्या दिसल्या. मी सहज म्हणालो, "छान आहेत, पूजेला होतील." सरांनी मला तिथेच उभं करून सगळं सांगितलं. त्या दिवशी मीही चिडलो, आणि अजून चिडलेलाच आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला सरांकडे तस्नीम तांबोळी नावाची मुलगी पीएच.डी. करत होती. वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, घरात कॉलेज बघितलेली ही पहिलीच. पेटुनियाची जांभळी फुलं आणखी गडद करायची, म्हणून तिनं रंगाच्या जनुकाची एक जादा प्रत झाडात घातली. फुलं आली ती पांढरीफटक. तिनं पुन्हा केलं. पुन्हा पांढरी. परदेशातही कुणाकुणाची अशीच पांढरी पडली होती, पण का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मग संस्थेच्या समितीनं स्वतःच कारण ठरवलं. पोरीनं कुंड्यांच्या लेबलांची सरमिसळ केली. वर एक विद्वान म्हणाले, "घरात शिक्षणाचं वळण नसलं की हाताला शिस्त नसते."

प्रबंध बाद झाला. तस्नीम गेली. झाडं उपटून जाळायचा हुकूम निघाला.

त्या विद्वानांना माझ्या वडिलांचे वाफे दाखवायला हवे होते. दोरीनं आखल्यासारखे सरळ. वळण म्हणे!

सरांनी झाडं जाळली, पण बी ठेवलं. बी म्हातारं होऊन मरू नये म्हणून दर हिवाळ्यात स्वतः पेरत, फुलं आली की बी धरत. ते बी टाकून द्या म्हणून संस्थेनं तीनदा पत्रं पाठवली, सरांनी चारदा भांडून उत्तरं दिली. दरम्यान जगात त्या चिमुकल्या आरएनएचा शोध लागला आणि कोडं उलगडलं. जादा जनुकामुळे झाड सावध होतं, बारीक आरएनए तयार करतं, आणि ते रंगाची प्रत्येक चिठ्ठी फाडत बसतं. जनुक जागेवर, हुकूम सुटतोय, आणि फूल पांढरं. आता सरांना एकच हवं होतं. निवृत्तीच्या आत ते बारीक आरएनए तस्नीमच्याच फुलांत दाखवायचं आणि तिचा प्रबंध परत समितीपुढे ठेवायचा.

काम माझ्याकडे आलं. पहिल्या खेपेला सगळं नीट चाललं होतं. शेवटी नाकाला खाज आली, मी हातमोजा घातलेल्या बोटांनी खाजवलं आणि त्याच बोटांनी नळ्यांची झाकणं उघडली. आरएनएचा पार चिखल. सर ओरडले,

"नाक तुमचं, काळभोर, आणि नुकसान तस्नीमचं!"

"सर, माणसाला खाज येते!"

"मग शेती करायची होती!"

"करतोच की! रविवारी! आणि तिथं कुणी ओरडत नाही!"

दोघंही आठवडाभर बोललो नाही. खाणाखुणा करून काम केलं. तोंडं मिटलेली असल्यामुळे असेल, दुसरी खेप सुरेख झाली. आरएनएचे ठसे ज्या फिल्मवर उमटतात, ती धुऊन उजेडात धरली. साध्या जांभळ्या फुलांच्या रकान्यात काही नाही आणि पांढऱ्यांच्या प्रत्येक रकान्यात खाली एक काळी बारीक रेघ.

सर फिल्म घेऊन संचालकांकडे गेले. संचालकांनी चष्मा वर करून पाहिली. "वझे, हे आता सगळ्या जगाला माहीत आहे. यात नवीन काय?"

"नवीन काहीच नाही. जुनंच आहे. आपण नाकारलं होतं, ते जुनं."

"जुनी प्रकरणं उकरायची प्रथा नाही आपल्याकडे."

"पोरींना हाकलायची आहे वाटतं?"

प्रबंध काही उघडला नाही. सर बाहेर आले आणि म्हणाले, "स्कूटर काढा. वारजे."

वारज्याला तस्नीमताई दुसऱ्या मजल्यावर राहत. बारावीचे क्लास घेत. दार त्यांनीच उघडलं, चाळिशीच्या बाई, हाताला खडू. "सर? तुम्ही? इकडे?"

सरांनी फिल्म पुढे केली. ताईंनी ती खिडकीपाशी नेली. एकेक रकाना पाहिला.

"पांढऱ्यात आहे," त्या म्हणाल्या. "पण सर, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. आता पुस्तकात येतं."

"पुस्तकात दुसऱ्यांच्या फुलांचं आहे. हे तुझ्या."

ताईंनी फिल्म टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही, पण मला तो राग ओळखू आला. आमच्या घरातला राग तसाच असतो.

"त्या दिवशी समितीपुढे तुम्ही एक शब्द बोलला नाहीत सर."

"कारण माहीत नव्हतं मला."

"मलाही नव्हतं. तरी मी सांगत होते ना, लेबलं बरोबर आहेत."

"बरोबरच होती." सरांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. "तेव्हाही मला माहीत होतं."

शेवटी मलाच राहवलं नाही. मी म्हणालो, "ताई, सरांनी बी जपलंय. दरवर्षी लावतात. संस्थेशी भांडून."

"दरवर्षी?" त्यांनी सरांकडे पाहिलं. "आणि मला एकदाही कळवलं नाहीत?"

"काय कळवणार होतो? कारण सापडलं नव्हतं, प्रबंध उघडत नव्हता. झाडं लावली, फुलं आली, पांढरी आली. एवढंच सांगायला यायचं?"

"एवढंच सांगायला यायचं, सर."

सर मुलांच्या बाकावर बसले. बाक ठेंगणा होता, गुडघे वर आले. खिशातून रुमाल काढला, पण तो नुसताच हातात धरून बसले. मग म्हणाले,

"तस्नीम, यंदाही फुलं पांढरी आली."