फक्त रविवारी चालू

उत्कर्ष ऑफिसातून घरी आला तेव्हा दादा दोन स्वेटर आणि कानटोपी घालून सोफ्यावर बसले होते. रेडिएटर गार होते आणि नळाचं पाणी कोमट.

"दादा, कधीपासून गारठलंय?"

"असेल दुपारपासून. तू आधी चहा घे."

दादा, म्हणजे उत्कर्षचे वडील राजाभाऊ, त्याची आई गेल्यावर पहिल्यांदाच पुण्याहून जर्मनीत नेकारसुल्मला आले होते. मेपर्यंत राहायचं ठरलं होतं. आल्या दिवशीच उत्कर्षने त्यांना हौसेने तळघर दाखवलं होतं. हा बॉयलर, ही गरम पाण्याची टाकी आणि जिन्यापाशी हे सगळ्याचं लाल बटण. दादांनी मन लावून ऐकलं होतं.

उत्कर्ष मोटारींच्या कारखान्यात इंजिनं थंड ठेवण्याचं काम करायचा. घर गरम ठेवणं त्याला हातचा मळ वाटला. तळघरात जाऊन पाहिलं तर बॉयलर व्यवस्थित चालू. त्याने रेडिएटरमधली हवा काढली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घर उबदार झालं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गार. त्याने पंपाचा वेग वाढवला, जेवणापर्यंत पुन्हा ऊब आली. तिसऱ्या संध्याकाळी टाकीतला गाळ काढताना तळघरात पाणी झालं आणि पुण्याहून आणलेली भाजणी भिजली. मग त्याने सेन्सर बदलला, तरी तेच. हीटिंगवाल्याने टेर्मिन, म्हणजे यायची तारीख, दिली ती पुढच्या महिन्याची.

शनिवार-रविवारी मात्र घर दिवसभर छान गरम असायचं.

"जर्मनीत रविवारी सगळं बंद असतं," अश्लेषा म्हणाली, "आणि आपलं हे हीटिंग मात्र नवऱ्यासारखं. फक्त रविवारी घरात चालू."

तिचा नवरा हसला नाही. दादांचे गुडघे धरले होते. तळघराचा जिना उतरताना ते कठडा पकडून कण्हायचे. कशाला उतरतात, हे कुणी विचारलं नाही. शेवटी उत्कर्षने तिकीट बदललं.

"दादा, हे नीट होईपर्यंत तुम्ही पुण्यालाच बरे. तिथे ऊन तरी आहे."

दादांनी कानटोपी खाली ओढली. "बरं," ते म्हणाले. "तुम्हाला माझी अडचण नको."

ते गेले आणि दुसऱ्याच संध्याकाळी घर गरम. तिसऱ्याही. आपण बदललेल्या सेन्सरचा हा गुण, असं ठरवून उत्कर्षने टेर्मिन रद्द केली आणि पुण्याला फोन लावला.

"दादा, जमलं एकदाचं. आता चोवीस तास गरम पाणी."

"चोवीस तास? मग बंद कोण करतं?"

"बंद कशाला करायचं?"

"अरे, गीझर असा चालू ठेवतात का? फुटायचा. मी होतो तोवर तुम्ही गेलात की लाल बटण बंद करायचो. तू यायच्या आधी पुन्हा लावायचो. हातपाय धुवायला तुला गरम पाणी लागतं, लहानपणापासून. सुट्टीच्या दिवशी तू घरीच, म्हणून राहू द्यायचो."

फोन स्पीकरवर होता. अश्लेषाने खुणेनेच सांगितलं, आता एक अक्षर बोलू नकोस. रोज दोनदा तो जिना उतरणारे गुडघे उत्कर्षला दिसत होते आणि आपण त्यांना परत पाठवलं याची लाज वाटत होती.

"दादा," तो कसाबसा म्हणाला, "बंद करायला इथे कुणीच नाही. परत या ना."

"येईन की," दादा म्हणाले. "पण आधी त्या हीटिंगवाल्याला बोलावून घे. दिवसा फार गारठतं रे तुझ्याकडे."