तमाम मोऱ्या साफ!

आपल्याला उर्दू येते. बराबर येते! शाळेत न्हाई शिकलो, अंबडच्या बाजारात अत्तरवाल्याच्या दुकानापुढं उभं राहून शिकलो. निजाम सरकारचा हुकूम आला की आमचं अख्खं वडीगोद्री गाव माझ्या तोंडाकडं बघतं. माझ्याइतकी साफ उर्दू इथं फक्त तहसिलीच्या घोड्याला कळती!

भादव्यात त्याच घोड्यावर शिपाई आला. चावडीपुढं वरडला, "तमाम मोरियाँ साफ करो! कल साहब मुआइना करेंगे!" अन् गेला.

रामराव पाटलानं मला इचारलं, "काय म्हन्ला रे गिरिधर?"

"उद्या साहेब मोऱ्या तपासायला येऊन राह्यले. घरोघरच्या, न्हाणीच्या!"

"बायका न्हातात तिथं साहेबाचं काय काम?"

"हुकूम हाय, पाटील! बिलकुल सवाल न्हाई!"

मंग काय! घरोघर राख, काथ्या, विटकरीचा चुरा! मी ज्यांच्याकडं राहतो त्या साळूमावशी कडाडल्या, "माझी मोरी तुझ्या थोबाडापेक्षा साफ हाय, मेल्या!" तरी घासली. गावातलं सगळं शेवाळ, काथ्या, पोतेरी, पाटलाचा एक फाटका जोडा, सगळं नालीतून उताराला गेलं. गाव कसं नवरीवाणी चकाचक!

सकाळी पाऊस आला. आला तो आला, पाणी जायलाच तयार न्हाई! पावण्यावाणी मावशींच्या अंगणात ठाण मांडून बसलं. अन् अंगणात मावशींचं पेव! जमिनीतल्या त्या खड्ड्यात वर्षाची ज्वारी. म्हंजे मावशींचा जीव अन् माझी भाकर!

"गिरिधर, पाणी पेवाच्या तोंडाशी आलं रे!"

"पण जाऊन का न्हाई राह्यलं?"

"मोरी तुंबली असंल!"

"मोरी तर काल घासली, मावशी!"

"घरातली न्हाई रे येड्या! सडकेखालची!"

सडकेखालची... मोरी! शिपाई तीच म्हन्ला व्हता!

पळत गेलो. सडकेखालच्या त्या दगडी भोकात अख्ख्या गावाची सफाई ठासून बसल्ती! डोकं घातलं. काथ्या वढला, पोतेरी वढली, शेवटी पाटलाचा जोडा वढला, अन् पाण्यानं मला चिंचोक्यावाणी पल्याड थुंकलं!

पुढं घोडा. घोड्यावर साहेब.

चिखलातूनच सलाम ठोकला, "हुजूर, मोरी साफ!"

साहेबानं माझ्या डोक्यावरचा काथ्या बघितला. "दिख रहा है. सब तुम्हारे ऊपर है!"

पेव वाचलं. मावशींनी मला कान धरून न्हाणीत बसवलं अन् उरलेल्या काथ्यानं घासाया लागल्या. "आता तूच तुंबलास माझ्या मोरीत!"

बाहेरून पाटील वरडले, "गिरिधर, घरोघरच्या मोऱ्या घासल्या ते साहेबाला सांगितलं, लई हसले! म्हन्ले, पोराला तमाम कळलं, मुआइना कळलं. चुकला तो एकच शब्द!"

"कोणता?"

"मोरी! अन् तो तर आपल्या मराठीतला हाय की रे!"

मावशींनी डोक्यावर तांब्या वतला.

सध्या मी मराठी शिकून राह्यलो.